पडद्यावरची दाटीवाटी, ती रचणारे हात आणि आपला जांभळी नाका

मासुंदाकाठ (धागाकर्ता)

'ब्लेड रनर'चे चाहते ठाण्यात किंवा नवी मुंबईत असतील तर त्यांच्याशी मला त्या सिनेमातल्या दाटीवाटीबद्दल बोलायचं आहे. कथा, पार्श्वसंगीत, शेवटचा पावसातला प्रसंग यांवर भरपूर लिहून झालं आहे. मी मात्र तो सिनेमा पुन्हापुन्हा बघतो तो त्यातल्या रस्त्यांसाठी. पात्रं पुढे बोलत असतात आणि माझी नजर त्यांच्या मागच्या भिंतीवरून जाणाऱ्या पाइपाचा माग काढत असते.

सिनेमा १९८२चा, त्यात दाखवलेलं लॉस एंजेलिस नोव्हेंबर २०१९चं. दिग्दर्शक रिडली स्कॉट आणि त्याच्या चमूने भविष्यातला रस्ता कोऱ्या जागेवर उभारला नाही. बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत न्यूयॉर्कच्या धर्तीचा जुना सेट उभाच होता. त्याच दर्शनी भिंतींवर पाइप, डक्ट, केबली, जाळ्या, निऑनच्या पाट्या असे थरावर थर चढवले. सिनेमासाठी भविष्याची चित्रं काढणाऱ्या सिड मीडच्या कामामागची कल्पनाच अशी होती की पुढचं शहर हे आजच्याच शहराला ठिगळं लावत वाढलेलं असणार. जुनं पाडायला पैसा नाही, वेळ नाही, म्हणून नवी यंत्रं जुन्याच भिंतीला बाहेरून टांगायची.

आता ठाणे स्टेशनाबाहेर पडून सॅटिसच्या (बससाठी उंचावर बांधलेल्या) पुलाखालून जांभळी नाक्याच्या बाजाराकडे चालायला लागा आणि मान वर करा. खाली जुन्या इमारतीचं जोतं, वरचे मजले नंतरचे. गॅलऱ्या बंद करून काढलेल्या खोल्या, त्यांना बाहेर आलेल्या बॉक्स ग्रिल, ग्रिलमध्ये तुळस आणि सायकल. त्याखाली एसीचे बाहेरचे डबे, त्यांच्या नळ्या, नळ्यांना बांधलेल्या केबली. दुकानाची पाटी, तिच्यावर आधीच्या दुकानाची अर्धी झाकलेली पाटी. पावसाळ्यात या सगळ्यावर निळी ताडपत्री. इथली एकही वस्तू शोभेसाठी लावलेली नाही. प्रत्येकीला तिथे असण्याचं काही ना काही कारण आहे. चांगल्या सेटवर नेमकं हेच कारण कारागिराला शोधून काढावं लागतं. ज्या सेटवर ते शोधलेलं नसतं, तिथे कितीही सामान भरा, रस्ता खोटाच वाटतो.

तर मी या बाजारातल्या गल्लीचा एक तुकडा मॉडेल म्हणून घडवायचं ठरवतो आहे. साधारण ३० मीटर लांबीचा, दोन्ही बाजूंच्या इमारतींसह. ओळखीच्या नमुन्याची हुबेहूब नक्कल करण्यात मला रस नाही, त्या जागेची घडण कळून घेत ती हाताने उभी करायची आहे. प्रमाण कोणतं घ्यावं, कशात करावं, आणि तुम्हाला अशी दाटी कुठल्या सिनेमात सर्वांत खरी वाटली, हे तिन्ही लिहा.

चरईवाला

धागा बघून आनंद झाला. दाटीच्या सिनेमांची सुरुवात मी 'मेट्रोपोलिस'पासून करीन. फ्रिट्झ लांगचा, १९२७चा. त्यातल्या उड्डाणपुलांवरून धावणाऱ्या छोट्या मोटारी एकेका फ्रेमसाठी हाताने किंचित पुढे सरकवलेल्या आहेत. आणि ऑयगेन शुफ्तानचा आरसा! कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत आरसा ठेवायचा, त्यात बाजूला ठेवलेल्या छोट्या मॉडेलचं प्रतिबिंब पडतं. जिथे माणसं दिसायला हवीत तेवढ्याच भागाचा मुलामा खरवडून काढायचा, म्हणजे तिथून पलीकडे उभे असलेले खरे नट आरपार दिसतात. मॉडेल आणि माणसं एकाच वेळी, एकाच फिल्मवर. मुलामा किती खरवडायचा यात केसभर चूक झाली तरी माणूस भिंतीत घुसलेला दिसणार. संगणक नव्हता, होती ती नजर आणि खरवडणारं पातं.

आपल्याकडे बाबूभाई मिस्त्रींनी 'ख्वाब की दुनिया'त (१९३७) काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणूस दाखवला. त्यांना 'काला धागा' हे टोपणनावच पडलं. त्यांचं नाव अशा चर्चांत फार कमी येतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

रंगपट

चरईवाला, मग कोल्हापूरला विसरून कसं चालेल? बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. आनंदराव १९१६ला गेले. बाबूरावांनी स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२०ला 'सैरंध्री' आणला. रंगवलेल्या पडद्यासमोर नटांना उभं करण्याची रीत सोडून त्यांनी खोली असलेले, आत शिरता येईल असे सेट उभारायला सुरुवात केली. मला यात विशेष हे वाटतं की पडद्यावर खोटी खोली रंगवण्यात ज्याचा हात बसलेला होता, त्यानेच पडदा बाजूला सारला. सपाट कापडावर दूरचा रस्ता कसा रंगवायचा हे ज्याला येतं, त्याला खऱ्या भिंतीत काय बसवायचं हेही कळतं. 'प्रभात'ची बरीचशी मंडळी याच शाळेतून बाहेर पडली.

नेपथ्याची थोडीफार कामं मी केली आहेत. त्यातून एक सांगतो. गल्ली करताना सगळीकडे सारखी दाटी करू नका. नजरेला टेकायला एखादी मोकळी जागा लागते. एखादी बंद खिडकी, एक कोरी भिंत. तिच्याशेजारी दाटी ठेवली की ती दुप्पट दिसते.

पितळी_पाटी

आमचं घरचं काम पितळी नेमप्लेटचं, नौपाड्यात. 'ब्लेड रनर' मी या धाग्यामुळे काल रात्री पहिल्यांदा पाहिला आणि आज दिवसभर तो सुरुवातीचा देखावा डोक्यातून जात नाहीये. ती आग ओकणारी, दिव्यांनी लुकलुकणारी क्षितिजापर्यंतची कारखान्यांची रांग. कशी केली ते शोधून वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलोच. ते कारखाने म्हणजे आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे आकार आहेत! पुढचे मोठे, मागचे लहान होत गेलेले, म्हणजे थोड्याशा जागेत मैलोन् मैल अंतर भासतं. मागून आणि खालून प्रकाश. हे तर आमच्याच धंद्यातलं काम आहे.

धागाकर्ते, तुमच्या ग्रिल, जाळ्या, जिन्यांचे कठडे, पाट्यांचे सांगाडे यासाठी पुठ्ठा कापत बसू नका. ०.२ मिमी पितळी पत्रा घ्या. पद्धत अशी: पत्रा घासून अगदी तेलविरहित करायचा. प्रकाशाने घट्ट होणारा थर दोन्ही बाजूंना चढवायचा, चित्राची निगेटिव्ह दोन्हीकडून नेमकी जुळवून अतिनील प्रकाश द्यायचा, नको तिथला थर धुवायचा. मग धातू खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायचा. द्रावण कोमट असेल तर काम लवकर होतं, ट्रे हलवत राहायचा. दोन्ही बाजूंनी खाल्लं गेलं की आरपार छिद्र पडतं. एकाच बाजूने खाऊ दिलं तर अर्ध्या जाडीची खाच तयार होते, आणि तिथे पत्रा नखाने सरळ रेषेत दुमडतो. बॉक्स ग्रिलची घडी अशीच करायची.

मात्र हे द्रावण खाली खातं तसं आडवंही खातं. त्यामुळे पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक रेघ काढू नका, ती उरणार नाही. ०.२ मिमी पत्र्याला ०.२ मिमीच्या खाली जायचं नाही, मी तर ०.२५ धरतो. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, ते मोरीत ओतायचं नाही.

मासुंदाकाठ

पितळी_पाटी, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. त्या देखाव्याबद्दल मी इतकं वाचलं होतं, पण ज्यांच्या हातात ते काम रोज असतं अशा माणसाकडून ऐकणं वेगळंच. विशेष दृश्यं सांभाळणाऱ्या डग्लस ट्रम्बुलच्या ईईजी या संस्थेत ती दृश्यं ६५ मिमी फिल्मवर घेतली गेली, म्हणजे एकावर एक प्रतिमा चढवत गेलं तरी बारकावा हरवू नये. खोलीत धूर भरून ठेवायचे. धुरामुळे दूरची रांग फिकट पडते आणि अंतर खरं वाटतं.

चाहत्यांमध्ये आवडीने सांगितली जाणारी एक गोष्टही इथे सांगून टाकतो. शहराच्या त्या गर्दीत एका मॉडेलकाराने हौसेने केलेलं 'स्टार वॉर्स'मधलं 'मिलेनियम फाल्कन' यान उभं करून इमारत म्हणून खपवलं आहे. इमारती कमी पडत होत्या, हाताशी जे होतं ते लावलं.

ट्रान्सहार्बर

रोज वाशी-ठाणे करतो, त्यामुळे माझं मत स्टेशनाला. जांभळी नाका ठीक आहे, पण संध्याकाळी ठाण्याचे ९ आणि १० नंबरचे प्लॅटफॉर्म आणि त्यांना जोडणारा पूल यापेक्षा दाट काय असेल? शिवाय १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी जिथे आली ते हे गाव. चौदा डबे, चारशे माणसं, तीन इंजिनं. मॉडेल करायचं तर गाडी हवीच.

चरईवाला

गाडीचा मोह समजतो, पण अडचण आहे. बाजारात मिळणारा एचओचा, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या मॉडेल-गाड्यांचा रूळ १६.५ मिमी रुंदीचा असतो. तो १४३५ मिमीच्या परदेशी रुळासाठी बरोबर आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ला १९.३ मिमी यायला हवा. विकतचा रूळ लावला की गाडी अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते, आणि ज्याने आयुष्यभर आपली लोकल पाहिली आहे त्याला ते लगेच खुपतं. रूळ हाताने बसवावे लागतील, चाकांचे आस बदलावे लागतील. तो स्वतंत्र प्रकल्प होईल.

नेरुळकरीण

मी वास्तुविशारद, मॉडेलं हे आमचं रोजचं. प्रमाण १:५० घ्या. तीस मीटर म्हणजे ६० सेंटिमीटर, तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत साधारण २६ सेंटिमीटर. साडेपाच फुटी माणूस ३३ मिमीचा होतो, त्याच्या हातात पिशवी देता येते. १:८७ला तोच माणूस १९ मिमीचा, त्याच्या हातात काय आहे हे कळणार नाही. एवढं टेबलावर मावतं आणि जिन्यावरून खालीही नेता येतं.

भिंतींसाठी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फळा) लेसरने कापून घ्या. वागळे इस्टेटमध्ये हे काम करणारे पुष्कळ आहेत. मात्र लेसरची कड काळपट आणि फार सरळ असते. जुन्या इमारतीची कड सरळ नसते. कापून आणल्यावर प्रत्येक कोपरा हाताने घासा.

आता सिनेमाबद्दल. दाटीची गोष्ट निघाली की मला हाँगकाँगची काउलून वॉल्ड सिटी ही वस्ती आठवते. जेमतेम २.६ हेक्टर जागेत सुमारे ३३,००० माणसं. हेक्टरी हिशोब केला तर बारा हजारांच्या वर जातो. १९९३-९४ला ती पाडली. जपानी 'घोस्ट इन द शेल'मधलं (१९९५) शहर हाँगकाँगवरूनच घेतलं आहे. जपानमध्ये कावासाकी शहरात तर काउलूनच्या गल्ल्यांचा सेट उभारून त्यात व्हिडिओ गेमचं दालन चालवलं जात होतं, गंजलेले पत्रे, टपालपेट्या, वाळत घातलेले कपडे यांसकट. ते बंद झालं नोव्हेंबर २०१९ला. 'ब्लेड रनर'चा महिना नेमका तोच, हे वाचून मी क्षणभर थांबले होते.

पण माझ्या दृष्टीने त्या जागेवर झालेलं सर्वांत मोठं काम सिनेमातलं नाही. पाडण्याआधी जपानी अभ्यासकांच्या एका चमूने आत जाऊन मोजमापं घेतली आणि वस्तीचा उभा छेद काढला. मधोमध सुरीने कापल्यासारखा. कुठे कोण जेवतंय, कुठे माशांचे गोळे बनवण्याचा कारखाना, कुठे दंतवैद्य, कुठली पाण्याची नळी कुठून कुठे गेली आहे. ते रेखाटन १९९७ला पुस्तकरूपाने आलं. ते मी टेबलावर पसरून अख्खी संध्याकाळ बघत बसू शकते.

कि_नगर_३

मी या सगळ्या गप्पा वाचतोय आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. माझं लहानपण ठाण्यातल्या किसननगरमध्ये गेलं, आईवडील अजून तिथेच आहेत. दोन इमारतींमधून स्कूटर जाते पण रुग्णवाहिका येत नाही. माझ्या आजोबांना खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत नेलं होतं. तुम्ही ज्याला थर म्हणता ते आमच्या खिडकीसमोर उभं राहिलेलं दुसऱ्याचं न्हाणीघर असतं. ४ एप्रिल २०१३ला शीळ फाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. दाटीमागे हेही असतं.

सिनेमात ही जागा निळ्या-जांभळ्या प्रकाशात छान दिसते. तिथे पाऊस पडतो तो देखणा असतो. आमच्याकडे पाऊस पडला की आई पहिल्यांदा गादी उचलते. मी तुम्हाला करू नका असं म्हणत नाही. पण बाहेरून मान वर करून बघणारा आणि आत राहणारा यांना एकच भिंत वेगळी दिसते.

रंगपट

कि_नगर_३, मनापासून लिहिलंत. या धाग्यावर हे यायलाच हवं होतं.

मासुंदाकाठ

कि_नगर_३, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर दिलं नाही, कारण नुसतं 'सहमत' लिहून पुढे जाण्यासारखं ते नव्हतं.

गल्लीचं देखणं चित्र करण्यात मला समाधान नाही. मला ज्या गोष्टीची ओढ आहे ती अशी: एवढ्याशा जागेत माणसं संसार कसा बसवतात, त्यासाठी रोज काय काय युक्त्या करतात, आणि त्या युक्त्या भिंतीवर कशा उमटतात. बाहेरच्या भिंतीवर दिसतं ते आतल्या जगण्याचं उत्तर असतं. मग फक्त उत्तर दाखवून प्रश्न लपवणं अर्धवट आहे. नेरुळकरीण यांनी सांगितलेल्या उभ्या छेदाने माझी मांडणीच बदलली. दोन बाजूंच्या इमारतींऐवजी एकच इमारत घेतो, एका बाजूने अखंड आणि दुसऱ्या बाजूने उघडी. समोरून बाजार दिसेल, मागून खोल्या. खिडकीबाहेरची केबल आत कुठल्या टीव्हीला जाते, ग्रिलमधली सायकल कुणाची, पिंप कुठे ठेवलंय, गादी कुठे उचलून ठेवतात, हे सगळं.

आतल्या खोल्या मी कल्पनेने भरल्या तर त्या खोट्या होतील. तुम्ही यात सोबत याल का? तुम्ही सांगाल तशा खोल्या रचू.

कि_नगर_३

विचार करतो. आईला विचारून बघतो, तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

नेरुळकरीण

छेदाचा निर्णय अगदी बरोबर. एक भर घालते, कारण धाग्यात नवी मुंबई नुसती प्रवासापुरतीच आली आहे. आमच्याकडे दाटीचा विचार आधी कागदावर झाला. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराचा प्रस्ताव मांडला, १९७०ला ते वसवणारी सिडको आली. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी सात-सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती बसवली. उंच इमारती न बांधता, घरातल्यांना पुढे आपल्या सोयीने वाढवता येतील अशी घरं. आज तिथे फिरलं की वाढवलेले मजले, नव्या फरशा, बदललेले दरवाजे दिसतात. कुणी म्हणतं मूळ रचना बिघडली. मला वाटतं तेच अपेक्षित होतं.

आणि ज्यांना खरोखर माणूस आणि माल यांची खेटाखेटी बघायची असेल त्यांनी आंब्याच्या हंगामात पहाटे तुर्भ्याला एपीएमसीच्या फळबाजारात जावं. पेट्यांच्या भिंती उभ्या राहतात आणि दुपारपर्यंत विरघळतात. रोज नवा सेट.

कॅमेरावाली_खारघर

मॉडेल झाल्यावर त्याचं चित्रण करणार असाल तर काही गोष्टी आत्ताच ठरवा. छोट्या वस्तूवर कॅमेरा जवळ नेला की पुढचं स्पष्ट आणि मागचं धूसर होतं, तिथेच ते खेळणं आहे हे कळतं. भिंगाचं छिद्र लहान ठेवून भरपूर प्रकाश द्यावा लागतो. मोबाइलचा सेन्सर चिमुकला असल्याने इथे तो मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा पडतो. माणसाचे डोळे साधारण १५५ सेंटिमीटरवर असतात, म्हणजे १:५०ला ३१ मिमी. मोबाइल उलटा धरा, भिंग जमिनीलगत येईल. वरून घेतलं तर ते मॉडेल दिसतं, डोळ्यांच्या उंचीवरून घेतलं तर रस्ता.

काही पडणारं, फडफडणारं दाखवायचं असेल तर गती वाढवून चित्रित करावं लागतं. नियम असा की २४ला (सिनेमाच्या सेकंदाच्या नेहमीच्या फ्रेम) प्रमाणाच्या वर्गमुळाने गुणायचं. ५०चं वर्गमूळ सातच्या थोडं वर, म्हणजे सेकंदाला साधारण १७० फ्रेम. मोबाइलवर २४०ची सोय असते, त्यात भागतं. पाण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. थेंबाचा आकार लहान करता येत नाही, म्हणूनच जुन्या सिनेमांत बुडणारी जहाजं इतकी मोठी बांधायचे. रस्ता ओला दाखवायचा तर चकचकीत वार्निश पुरे.

धुराऐवजी मच्छरदाणीची पांढरी जाळी दोन थरांच्या मध्ये ताणून बसवा. मागची इमारत हलकेच फिकी पडते, आणि घरात धूर होत नाही.

२०१७च्या 'ब्लेड रनर २०४९'मध्येही न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने खरी मॉडेलं घडवली होती आणि छायाचित्रकार रॉजर डीकिन्सना त्याच सिनेमासाठी पहिलं ऑस्कर मिळालं. संगणक हाताशी असताना ती माणसं मुद्दाम मॉडेलांकडे गेली, याचं मला फार अप्रूप आहे. प्रकाश खऱ्या कडेवर पडला की ती कड जे काही करते ते आधी कुणी ठरवलेलं नसतं.

मखर_ते_मॉडेल

आत्ताच नोंदणी केली, फक्त या धाग्यासाठी. मी गणपतीचे मखर आणि मंडळांचे देखावे करतो. २०१८ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा गरम तारेने कापायची आमची सगळी सवय एका हंगामात बाजूला पडली. पुठ्ठा, लाकूड, कापड यांवर आलो. आज वाटतं बरं झालं. थर्माकोलची कमान कितीही रंगवा, ती हलकीच दिसते. पुठ्ठ्याला वजन दिसतं.

धागाकर्त्यांसाठी जुनेपणाबद्दल थोडं. आपल्याकडची भिंत सगळीकडे सारखी मळत नाही. पाणी जिथून निथळतं तिथे काळं होतं. खिडकीच्या छज्ज्याच्या दोन टोकांखाली, पाइपच्या सांध्याखाली, एसीच्या डब्याखाली. आधी ठरवा पाणी कुठून येतंय, मगच ब्रश उचला. काळा आणि तपकिरी खूप पातळ करून वरून खाली सोडायचा, सुकला की पुन्हा. पोपडे दाखवायचे तर खालचा जुना रंग द्या, त्यावर केसांचा स्प्रे मारा, वरून नवा रंग, आणि तो नीट धरायच्या आत ओल्या ब्रशने खरवडा. वरचा थर तुकड्यांनी सुटतो. ठाण्यातल्या जुन्या इमारतींचा खालचा रंग बऱ्याचदा पिवळट किंवा फिकट हिरवा असतो, तो वापरा.

ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून ओला असतानाच छपरावर टाका, घड्या आपोआप पडतात. सुकल्यावर निळा रंग, आणि चार दगड वर ठेवायला विसरू नका. दगडाशिवाय ताडपत्री राहत नाही.

केबलींसाठी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली जुनी तांब्याची तार मागा. १२ मिमी केबल १:५०ला पाव मिमीपेक्षा किंचित बारीक येते, त्या जाडीची तार तिथे हमखास सापडते. ती बोटावर गुंडाळून सोडली की आपोआप झोळ घेते, दोऱ्याला तसा झोळ येत नाही.

पितळी_पाटी

मखर_ते_मॉडेल, दगडाचा मुद्दा वाचून लगेच गॅलरीतून समोरच्या छपराकडे बघितलं. दगड, एक फुटकी कुंडी आणि जुना टायर.

धागाकर्ते, ग्रिलची निगेटिव्ह मी करून देतो. पण ग्रिलचे नमुने खरे हवेत. सत्तरच्या दशकातल्या ग्रिलमध्ये सूर्य, हंस, आद्याक्षरं असायची, नंतरच्या नुसत्या उभ्या-आडव्या सळ्या. कुठल्या मजल्यावर कुठली ग्रिल यावरून ते घर कधी वाढवलं ते कळतं. तेवढे फोटो काढून पाठवा.

रंगपट

'मुगल-ए-आझम'चा शीशमहल आठवला. मोहन स्टुडिओत तो उभारायला दोनेक वर्षं लागली, आणि दिवे लावल्यावर आरशांच्या चकाकीने चित्रणच होईना. शेवटी प्रकाश फिरवून, मऊ करून वाट काढावी लागली. इतकी कारागिरी करून ती कॅमेऱ्याला सोसेना अशी वेळ येऊ शकते. म्हणून एक खोली पूर्ण होताच तिचा फोटो काढून बघा, सगळं झाल्यावर नको.

उलट टोक म्हणजे 'बॉम्बे वेल्वेट' (२०१५). साठच्या दशकातली मुंबई श्रीलंकेत उभी केली, सोनल सावंत यांचं काम. सिनेमा मला पुरता भिडला नाही, पण त्यातल्या रस्त्यांसाठी तो मी कधीही पुन्हा लावीन.

मासुंदाकाठ

एवढं मिळेल असं खरंच वाटलं नव्हतं. ठरलं ते लिहितो. प्रमाण १:५०. एक इमारत, मागून उघडी. भिंती एमडीएफच्या, ग्रिल आणि कठडे पितळी, केबली तांब्याच्या. रविवारी सकाळी बाजार भरायच्या आत, साडेसहाला, कोपिनेश्वर मंदिराच्या बाहेर भेटू. नेरुळकरीण लेसरचा अंतरमापक आणणार आहेत, कॅमेरावाली_खारघर फोटो घेतील. दुकानदारांना आधी विचारूनच मोजायचं, आणि कुणाच्या घरात डोकावून फोटो काढायचा नाही. आतल्या खोल्या फक्त जे आपणहून दाखवतील त्यांच्याच.

ट्रान्सहार्बर

गाडी नाही तर नाही, मी येतो. टेप धरायला माणूस लागेलच.

कि_नगर_३

आईशी बोललो. तिला आधी वाटलं आमच्या घराचे फोटो कुठेतरी लावणार आहेत. मॉडेल म्हटल्यावर ती स्वतःच सांगत सुटली, मी लिहून घेतलं. तुमची इमारत बाजारातली असली तरी आतली खोली आमचीच करा असं ती म्हणते.

जिन्याची पायरी साडेआठ इंच उंच आहे, म्हणजे १:५०ला ४.३ मिमी. म्हाताऱ्या माणसांना ती चढवत नाही, म्हणून भिंतीला दोरी बांधली आहे, कठडा नाही. तेव्हा पितळी कठडा तिथे लावू नका. पाण्याचं पिंप दारात, कारण नळ जिन्यावर आहे. गॅसचा सिलिंडर दाराच्या मागे, त्यामुळे दार कधीच पूर्ण उघडत नाही. मॉडेलमध्ये दार अर्धंच उघडं ठेवा. माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या, त्यांच्यावर गणपतीचा पाट, त्याच्यावर काही ठेवायचं नाही. आणि पावसाळ्याचं दाखवणार असाल तर गादी भिंतीला उभी टेकवून तिच्याखाली दोन विटा.

रविवारी साडेसहाला येतो. आई पण येणार म्हणते, तिला मंदिरात जायचंच आहे.